रामेश्वरला दोन समुद्र आहेत, आणि दोघांनाही वारा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : पर्यटन पानावरील रामेश्वर आणि तिथले विंडसर्फिंग

उन्हाळा आणि दिवाळी जवळ आली की आपल्या पर्यटन पानावर रामेश्वर हमखास असते. रामनाथस्वामींचे देऊळ, 22 तीर्थे, पांबनचा पूल, धनुष्कोडीचे भग्न चर्च आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. त्याच पानावर ‘वॉटर स्पोर्ट्स’ म्हणून बनाना बोट आणि पॅरासेलिंग येते, तेही मालवण, गोवा किंवा थेट बालीचे. या दोन मजकुरांची गाठ कधी पडत नाही, म्हणून हे पत्र. मुंबईत आणि गोव्यात आम्ही काहीजण बरीच वर्षे शिडाच्या फळीवर, म्हणजे विंडसर्फिंगवर, आहोत. हा खेळ शिकायला आणि त्यात पुढे जायला भारतात रामेश्वर बेटाइतकी चांगली जागा आम्हाला माहीत नाही. काइटसर्फिंगवाल्यांनी, म्हणजे पतंगाने ओढल्या जाणाऱ्या फळीवर खेळणाऱ्यांनी, ती आधीच हेरली आणि तिथे त्याचे शिक्षणही मिळते. विंडसर्फर मात्र अजून फारसे तिकडे वळलेले नाहीत. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या जिथली वाळू काशीला नेत आला, तिथला वारा त्याच्या लक्षात आलेला नाही.

आधी कोकण का पुरत नाही ते सांगतो. फेब्रुवारी ते मे या काळात मुंबई-गोव्याला दुपारी वायव्येचा खारा वारा येतो. तो चांगला असतो, पण बहुतेक दिवशी 10 ते 12 नॉटच्या आसपास थांबतो. (1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी.) फळी पाणी कापत जायचे सोडून पाण्यावरून घसरू लागते त्याला आम्ही प्लेनिंग म्हणतो, आणि खेळाची खरी मजा तिथून सुरू होते. त्यासाठी लागणाऱ्या शिडाचा ढोबळ हिशेब असा : वजन किलोत घ्या, 1.34 ने गुणा आणि वाऱ्याच्या नॉटने भागा, उत्तर चौरस मीटरमध्ये येते. 75 किलोच्या माणसाला 12 नॉटमध्ये सुमारे 8.4 चौ. मी. शीड लागते. एवढे शीड पडले की नवख्याला पाण्यातून उचलता येत नाही. जूननंतर वारा भरपूर असतो, पण तो पावसाच्या सरींबरोबर झोत मारतो, सरीनंतर एकदम पडतो आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा शिडाच्या काठ्या मोडतात. त्यात मुंबईची भरती-ओहोटी. उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, खाडीच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते आणि परत येताना पुळणीऐवजी गुडघाभर चिखल भेटतो.

रामेश्वरला भरती-ओहोटीचा फरक मीटरच्या आत राहतो. वारा वर्षातून दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा टिकून येतो.

पहिला मोसम साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. हा आपलाच नैर्ऋत्य मान्सून, फक्त पाऊस वगळून. सह्याद्री कन्याकुमारीजवळ संपतो. ढग पश्चिमेच्या उतारावर रिकामे होतात आणि कोरडा वारा घाटांतल्या खिंडींतून व टोकाला वळसा घालून मन्नारच्या आखाताकडे उतरतो. अरलवायमोळीच्या खिंडीबाहेर मुप्पंदलला पवनचक्क्यांचे रान उभे आहे ते याच वाऱ्यावर. पलीकडे श्रीलंकेचे डोंगर, अलीकडे रामनाथपुरमची तापलेली सपाट जमीन, आणि मधल्या फटीतून वारा रेटा घेऊन जातो. सकाळी तो जरा मवाळ असतो, अकराच्या सुमारास भरू लागतो, दुपारी दोन ते पाच सर्वांत जोरात असतो. 15 ते 25 नॉट ही नेहमीची पट्टी धरा. कोकणात छत्री उलटी होत असते तेव्हा इथे कोरडे ऊन असते.

दुसरा मोसम डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत, ईशान्येच्या वाऱ्याचा. जोर कमी, 12 ते 18 नॉट, हवा सुखाची. या दोन मोसमांच्या मधला काळ, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा मध्य, टाळावा. तमिळनाडूचा मुख्य पाऊस तेव्हा असतो, बंगालच्या उपसागरात वादळे होतात आणि विजा पडतात. शिडाची काठी कार्बनची असते आणि उघड्या पाण्यावर तीच सर्वांत उंच वस्तू असते. 1964 च्या डिसेंबरात, 22-23 तारखेच्या रात्री, धनुष्कोडी गाव चक्रीवादळाने पुसले गेले, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने डोक्यात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, कारण सगळी सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे : कोणत्या मोसमात बेटाच्या कोणत्या बाजूला उतरायचे.

बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात. आपल्या पोथ्यांत हे महोदधी आणि रत्नाकर. तिथले कोळी एकाला ‘पेण् कडल’, म्हणजे बाई-समुद्र, आणि दुसऱ्याला ‘आण् कडल’, म्हणजे पुरुष-समुद्र, म्हणतात. पाल्कची बाजू उथळ आणि शांत, मन्नारची खोल आणि लाटांची. अग्नितीर्थावर स्नान केलेल्या प्रत्येक यात्रेकरूने ‘इथे समुद्र तळ्यासारखा आहे’ असे म्हटलेले असते. त्याचे कारण हेच : नैर्ऋत्येचा वारा बेटाच्या पाठीवरून येतो आणि पुढचे पाणी उथळ असल्यामुळे लाट उभीच राहत नाही.

विंडसर्फरला हे सपाट पाणी मोह घालते. पण पाणी सपाट असण्याचे कारण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आहे, आणि तोच धोका. काठाला उभे राहून पाहिले तर सगळे सोपे दिसते, कारण लाटांचे पांढरे तुरे दोनशे-तीनशे मीटरवर सुरू होतात आणि वाऱ्याचा खरा जोर तिथे असतो. नवखा माणूस काठाच्या आडोशाला सहज निघतो, बाहेर जातो, वारा अंगावर येतो, शीड हातातून सुटते, आणि पुन्हा उचलेपर्यंत तो आणखी पन्नास मीटर बाहेर गेलेला असतो. दहा वेळा असे झाले की हात संपतात. पाल्कमध्ये ईशान्येला वाहत गेलेल्या माणसासमोर रामेश्वरपासून सुमारे 33 किमीवर कच्चतीवू बेट आहे, आणि ते श्रीलंकेच्या हद्दीत आहे. धनुष्कोडीच्या टोकापासून श्रीलंकेचे तलैमन्नार सुमारे 30 किमी, म्हणजे सागरी सीमा त्याच्या आतच कुठेतरी. तिथल्या मच्छीमारांना ही सीमा ओलांडल्याबद्दल अटक होते, हे आपणच छापता. फळीवर भरकटलेला पर्यटक त्यांच्याहून वेगळा ठरेल असे कोणी समजू नये.

म्हणून आमचा सल्ला ठाम आहे. शिकाऊ माणसाने जानेवारी ते मार्च जावे आणि उत्तरेच्या, पाल्कच्या काठावर उतरावे. ईशान्येचा वारा तेव्हा पाण्याकडून तिरका काठाकडे येतो. पाणी थोडे खळखळते, पाय डगमगतात, शिकायला दोन दिवस जास्त लागतात, पण चुकलेला माणूस आपोआप पुळणीला लागतो. खोली कमरेएवढी असेल तिथेच राहावे. ज्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, परत येता येते, हार्नेस (शिडाचा ओढा अंगावर घेणारा कमरेचा पट्टा) अडकवता येतो आणि वॉटरस्टार्ट (खोल पाण्यातून शिडाच्याच जोरावर फळीवर चढणे) जमतो, त्याने जून ते ऑगस्ट जावे आणि पांबन ते रामेश्वर या उत्तर काठावर खेळावे. तो काठ साधारण पूर्व-ईशान्येकडे धावतो, त्यामुळे नैर्ऋत्येचा वारा काठाला जवळपास समांतर, थोडा बाहेरच्या दिशेने येतो. धनुष्कोडीची जीभ मात्र वायव्येकडून आग्नेयेकडे जाते, तिथे तोच वारा काटकोनात बाहेर ढकलतो. त्या जिभेवर झाडे नाहीत, त्यामुळे वारा स्वच्छ, झोत न मारणारा असतो, आणि अनुभवी माणसाला तिथे मिळणारे पाणी अप्रतिम आहे. पण इंजिनाची बोट काठावर सज्ज नसेल तर तिथे कितीही अनुभवी माणसाने उतरू नये. दक्षिणेची, मन्नारची बाजू नैर्ऋत्य मोसमात लाटांवर खेळणाऱ्यांसाठी आहे. शिकणाऱ्याने ती रस्त्यावरून पाहावी.

झाडांबद्दल एक गोष्ट. बेटाच्या वस्तीच्या भागात ताड, सुरू आणि वेड्या बाभळी दाट आहेत. वारा झाडांवरून आला की झाडाच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत तो तुटक राहतो. दहा मीटरच्या ताडामागे शंभर मीटर पाणी खड्ड्याखड्ड्यांचे समजा. काठावर वारा पडला म्हणून मोठे शीड लावणारे लोक बाहेर जाऊन त्याच्याखाली चिरडतात. वारा काठावर मापू नये, बाहेरच्या पाण्यावरून ओळखावा. पांढरे तुरे तुरळक दिसू लागले की 12 नॉट, सगळीकडे दिसले की 16-18 च्या वर.

दोन ठिकाणे पूर्ण वर्ज्य. एक म्हणजे पांबनच्या पुलाखालची खिंड. नैर्ऋत्य मोसमात मन्नारचे पाणी तिथून पाल्ककडे लोटते, ईशान्येच्या मोसमात उलटे. खडक आहेत, बोटींची वाट आहे, आणि ओढ अशी की शिडाने मात करता येत नाही. दुसरे अरिचलमुनै, म्हणजे धनुष्कोडीचा रस्ता संपतो ते टोक. दोन्ही समुद्र तिथे एकमेकांवर येतात आणि वाळूचा काठ पायाखालून सरकतो. तिथे पोहणेही धोक्याचे आहे.

सामानाचे पाहू. विंडसर्फिंगचे सामान स्वतःचेच न्यावे लागेल असे धरून चालावे. 75 किलोच्या माणसाने नैर्ऋत्य मोसमासाठी 4.2, 5.0 आणि 6.0 अशी तीन शिडे न्यावीत, हिवाळ्यासाठी 5.5 आणि 7.0. वर दिलेल्या हिशेबात 20 नॉटला 5.0 येते, त्यामुळे त्या मोसमात सर्वांत जास्त तेच शीड चालेल. फळी सराईताला 100 ते 115 लिटरची, शिकाऊला 180 ते 200 लिटरची आणि मधल्या पात्याची, म्हणजे डॅगरबोर्डची. काठी 400 सेंमी लहान शिडांना, 430 मोठ्या शिडांना. कोणत्या शिडाला कोणती काठी ते शिडाच्या बुडाशी छापलेले असते. ते पाहून न्यावे, कारण तीस सेंमी कमी काठीवर शीड कधीच नीट ताणले जात नाही आणि दोष वाऱ्याला दिला जातो.

फिनबद्दल, म्हणजे फळीच्या मागच्या टोकाखालच्या पात्याबद्दल, मात्र बारकाईने सांगायला हवे, कारण रामेश्वरला सामान तिथेच अडते. पाल्कच्या तळाला समुद्री गवताची कुरणे आहेत आणि वाऱ्याच्या दिवसांत तुटलेले गवत पाण्यावर पट्ट्यापट्ट्यांनी वाहते. सरळ उभ्या फिनला ते अडकते, झुपका तयार होतो, फळी आधी जड होते आणि मग मागून एकदम घसरते. माणसाला वाटते तंत्र चुकले. तंत्र चुकलेले नसते, फिनला गवत लागलेले असते. यावर उपाय मागे झुकलेले, 45 अंशांच्या आसपास कलाचे, गवताच्या पाण्यासाठीचे फिन. 24 ते 28 सेंमी लांबीचे एक न्यावे, आणि उथळ पाण्यासाठी 20-22 सेंमीचे दुसरे. मागे झुकलेले फिन तळाला घासले तरी सरकून जाते. सरळ फिन वाळूच्या दांड्याला लागले तर फळी जागच्या जागी थांबते, माणूस शिडासकट पुढे फेकला जातो आणि फिनची पेटी फळीतून उखडून येते. वाळूचे दांडे दर मोसमात जागा बदलतात, म्हणून पहिल्या दिवशी शिडाशिवाय पाण्यातून चालून पाहावे. चालताना पाय उचलून टाकू नये, वाळूतून घासत न्यावा. वाळूत पाकट बसलेली असते, ती घासण्याने उठून जाते, पाय पडला तर नांगी मारते. जाड तळव्याचे बूट हवेतच.

उथळ पाण्याचा आणखी एक नियम आहे आणि तो मोडल्याने मानेची हाडे मोडतात : पडताना डोके पुढे करून उडी मारायची नाही. पडायची वेळ आली की बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, घट्ट धरून ठेवायची आणि शिडाबरोबर पाठीवर बसते व्हायचे.

पण हेच उथळ पाणी शिकणाऱ्याला मोठी मदत करते. खोल पाण्यात नवख्याला फळीवर चढून, दोरीने ओले शीड कमरेच्या जोरावर उचलावे लागते आणि तासाभरात पाठ जाते. कमरेएवढ्या पाण्यात तो पहिल्या दिवसापासून बीचस्टार्ट, म्हणजे तळावर उभे राहून शिडाच्या जोरावर फळीवर चढणे, करू शकतो. फळी वाऱ्याला आडवी धरायची, आपण वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहायचे, शीड डोक्यावर दोन्ही हातांनी तोलायचे. मागचा पाय फळीच्या मध्यावर, पाय अडकवायच्या पट्ट्यांच्या थोडा पुढे ठेवायचा. पायाने फळीला खाली न दाबता आपल्याकडे ओढायचे. हात लांब, शीड पुढे आणि वर. मागच्या हाताने हळूच वारा भरला की शीडच माणसाला वर उचलते. नवखा चुकतो तो दोन ठिकाणी : हात आखडून शीड छातीशी ओढतो, त्यामुळे शिडाला उचलायला जागा उरत नाही, आणि पायाने फळी दाबतो, त्यामुळे नाक वाऱ्यात वळते. या दोन चुका सुधारल्या की चार-पाच दिवसांत माणूस आडवा जाऊन परत येऊ लागतो.

शीड लावताना आधी डाउनहॉल (शीड काठीच्या बुडाकडे ताणणारी दोरी), मग आउटहॉल (शीड बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणारी दोरी). डाउनहॉल पुरेसा म्हणजे वरच्या टोकाशी शिडाची कड सैल पडून हलू लागेपर्यंत. हाताने एवढे ताणवत नाही, म्हणून लोक अर्ध्यावर सोडतात आणि 20 नॉटमध्ये शीड हातातून ओढले जाते. हार्नेसच्या दांड्याला दोरी गुंडाळून, पाय काठीच्या बुडाला लावून ताणावी. आउटहॉल नुसता एक-दोन सेंमी.

उष्णतेने काय बिघडते तेही लिहितो. काठी आणि फळी जोडणारा रबरासारखा सांधा उन्हाने आतून चिरतो. दररोज उतरण्यापूर्वी तो पूर्ण वाकवून फिरवून पाहावा, बारीक चीर दिसली तरी टाकून द्यावा आणि एक नवा जवळ ठेवावा. सांध्याला जोडदोरी असतेच, पण ती झिजलेली नसल्याची खात्री करावी, कारण वारा बाहेरचा असताना सांधा तुटला तर तेवढीच एक दोरी फळीला शिडाशी बांधून ठेवते. पारदर्शक फिल्मचे शीड उन्हात पसरून जेवायला जाऊ नये, ठिसूळ होऊन एका पडण्यात फाटते. फळी भर उन्हात ठेवली की आतली हवा फुगून थर सुटतात. सावलीत ठेवावी आणि हवेचा स्क्रू जमिनीवर सैल, पाण्यात घट्ट. काठीच्या दोन भागांच्या जोडात वाळूचा एक कण गेला तरी जोड अडकतो. जोडण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुवावा आणि वरून इन्सुलेशन टेप गुंडाळावी.

तिथवर जायचे तर मदुराईपर्यंत विमान किंवा रेल्वे आणि पुढे सुमारे 170 किमी रस्ता, किंवा चेन्नईहून रात्रीची गाडी. पांबनचा नवा रेल्वेपूल 2025 च्या एप्रिलमध्ये सुरू झाल्याने गाड्या पुन्हा थेट बेटावर जातात. 240 सेंमीची पिशवी रेल्वेच्या डब्यात चालत नाही. डब्यातल्या ट्रंकेची मर्यादा 100×60×25 सेंमी आहे, त्याहून मोठे सामान ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवावे लागते. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या गटाने फळ्या माल वाहतुकीने मदुराईला पुढे पाठवाव्यात, ते सर्वांत सोपे. विमानाने जाणाऱ्याने तिकिटाआधी लांबी लेखी कळवावी, कारण छोट्या पंखा-विमानांच्या सामानकक्षात एवढी पिशवी शिरत नाही. एकट्यासाठी हवा भरायची फळी आणि चार तुकड्यांची काठी हा चांगला पर्याय आहे. सपाट पाण्यावर शिकायला ती पुरते, जोराच्या वाऱ्यात वाकते.

पाण्यात उतरण्यापूर्वी सागरी पोलिसांना सांगावे, आधार कार्ड जवळ असावे. हा सीमेचा प्रदेश आहे आणि रंगीत शिडाची चौकशी होणारच, ती आधीच झालेली बरी. धनुष्कोडीच्या रस्त्यावरून संध्याकाळी परत फिरावे लागते, म्हणून साडेचारनंतर तिथे नवे शीड लावू नये. फोन जलरोधक पिशवीत अंगावर हवा. टोकाकडे फोन कधी श्रीलंकेचे नेटवर्क पकडतो आणि मग तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक उपयोगाचा राहत नाही. भारतीय नेटवर्क हाताने निवडून ठेवावे. काही मोडलेच तर फळी सोडायची नाही. किनारा जवळ आणि ताकद शिल्लक असेल तर शीड सोडून देऊन, पोटावर झोपून हातांनी वल्हवत यावे, पैशाचा विचार करू नये. पोहोचणे अशक्य दिसले तर उलटे करावे : शीड जोडलेलेच ठेवावे, कारण पाण्यात पडलेले शीड नांगरासारखे ओढते आणि वाहून जाणे मंदावते. मग फळीवर बसून मदतीची खूण म्हणून दोन्ही हात बाजूंनी सावकाश वर-खाली करत राहावे. लक्षात घ्या, 15 एप्रिल ते 14 जून पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मेमध्ये जाणाऱ्याला वाटेत उचलून घेणाऱ्या बोटी कमी भेटतील.

शेवटी त्या पाण्याच्या मालकांविषयी, आणि हे आम्हाला मनापासून वाटते. पाल्कच्या काठाशी बांबूचे चौकोनी तराफे दोऱ्यांनी बांधून ठेवलेले दिसतात, साधारण बारा फूट बाय बारा फुटांचे. त्यांच्याखाली कप्पाफायकस हे शेवाळ वाढते आणि ही शेती बहुतांशी बायका करतात. फिनने त्यांची एक दोरी कापली की तराफा वाहून जातो आणि महिन्या-दीड महिन्याची मेहनत जाते. तराफ्यांच्या वरच्या अंगाला कधीच खेळू नये, कारण पडलेला माणूस आणि फळी वाऱ्याने थेट त्यांच्यावर जातात. सकाळी लावलेल्या जाळ्यांचे बोये कुठून कुठे आहेत ते काठावर विचारून घ्यावे. हातवारे पुरतात, तमिळ येत नसले तरी चालते. समुद्री गवत हे समुद्रगायीचे अन्न आहे आणि तिच्यासाठी 2022 मध्ये पाल्कमध्ये 448 चौ. किमीचे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. त्या कुरणांवर बोट नांगरू नये, फळी ओढू नये. मन्नारची 21 प्रवाळबेटे 1986 पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे उतरता येत नाही आणि शिडाने तिकडे जाण्याचा विचारही करू नये. धनुष्कोडीच्या वाटेवरच्या उथळ खाजणांत हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. 2025 मध्ये त्या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ते पाणी नकाशावर फारच आकर्षक दिसते, पण ते पक्ष्यांसाठी सोडावे.

आपल्या पानाकडून दोन मागण्या आहेत. रामेश्वरवर पुढचा लेख येईल तेव्हा त्यात एक चौकट द्यावी : जानेवारी-मार्च शिकणाऱ्यांसाठी उत्तर काठ, जून-ऑगस्ट सराईतांसाठी, ऑक्टोबर ते डिसेंबर मध्य बंद. आणि हवामानाच्या सदरात कमाल-किमान तापमानाशेजारी किनारी शहरांच्या वाऱ्याची दिशा आणि वेगही छापावा. त्याला एक ओळ लागते, आणि ती विंडसर्फरइतकीच आपल्या होडीवाल्यांच्याही कामाची आहे.

आपले,
मुंबई व गोव्यातील काही विंडसर्फर